कट्टरता जुनी नाही

निफाड तालुक्यात ओझरला लढाऊ विमानं तयार होतात. साठच्या दशकात तिथे मिगचा कारखाना उभा राहिला, पुढे सुखोई-३० ची बांधणीही तिथेच झाली. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेलं विकिरण केंद्र आहे. साठवणीतल्या कांद्याला कोंब फुटू नयेत यासाठी सुरू झालेल्या या केंद्रातून २००७ पासून हापूस आंबा गॅमा किरणांखालून जाऊन अमेरिकेला रवाना होऊ लागला. द्राक्षबागायतदार युरोपला माल पाठवतो तेव्हा घडात कोणत्या औषधाचा किती अंश उरला आहे याचा प्रयोगशाळेचा अहवाल त्याच्या हातात असतो. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या संजीवकाचे अंश सापडल्यावरून युरोपात द्राक्षं अडली, आणि ‘रेसिड्यू’ हा शब्द इथल्या चहाच्या टपरीवरचा झाला.

म्हणजे आधुनिक तंत्रज्ञान या तालुक्याने लांबून ऐकलेलं नाही, त्यावर इथलं पोट चालतं. आणि याच तालुक्यात, याच माणसांच्या मोबाइलवर, धर्माच्या नावाने येणारी भाषा वर्षागणिक कडक होताना मी पाहतो आहे. कुणी कुणाकडून भाजी घ्यावी, कुणाच्या जत्रेत कुणी दुकान मांडावं, कुणाच्या मुलीने कुणाशी बोलावं, याचे हुकूम गावातलं कुणी देत नाही. ते स्क्रीनवर येतात आणि गावातली मुलं ते पाळायला आणि पाळून घ्यायला निघतात. शेजारच्या मोहल्ल्यातही वेगळं नाही. उरुसातली कव्वाली आणि दर्ग्यावरची चादर खऱ्या धर्मात बसत नाही, असं बजावणारे आवाज तिथल्या फोनमध्ये आहेत.

विज्ञान वाढेल तशी धर्मांधता ओसरेल, असं आमच्या पिढीला शाळेत शिकवलं गेलं. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणं हे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य ठरवलं, त्यामागेही हीच आशा होती. ती फोल ठरली असं म्हणून हात झटकणं सोपं आहे. पण कट्टरता म्हणजे जुन्या काळाचं मागे राहिलेलं काहीतरी, ते काळाबरोबर आपोआप संपेल, हे आशेमागचं गृहीतच तपासायला हवं. माझ्या मते कट्टरता आधुनिक आहे. छापखाना, रेल्वे, तार, रेडिओ, कॅसेट, दूरचित्रवाणी आणि फोन यांच्या सोबतीने ती वाढली. ती वाढली याचं एक मोठं कारण असं की या साधनांनी परंपरेची एक फार मोलाची ताकद मोडून काढली: काणाडोळा करण्याची ताकद. या पुस्तकातले लेख हे म्हणणं निरनिराळ्या बाजूंनी तपासतात. मी इथे ते निफाडच्याच एका माणसापासून मांडायला सुरुवात करतो.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी निफाडला झाला. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांपैकी ते एक. प्रार्थना समाज, विधवाविवाहाची चळवळ, १८८७ मध्ये सुरू झालेली सामाजिक परिषद या सगळ्यांच्या केंद्रस्थानी ते होते. नवी विद्या, नवे उद्योग, नवा कायदा यांनी समाज हळूहळू आतून बदलेल, असा त्यांचा विश्वास होता, आणि त्या विश्वासाला अभ्यासाचं बळ होतं. पण पुनरुज्जीवनवाद्यांचा आवाज वाढत चाललेला त्यांना ऐकू येत होता. १८९७ मध्ये अमरावतीच्या सामाजिक परिषदेत त्यांनी या लोकांना सरळ विचारलं की तुम्हाला नेमका कोणता काळ परत आणायचा आहे? जुन्या ग्रंथांतले विवाहाचे आठ प्रकार, पुत्रांचे बारा प्रकार, नियोग, यज्ञातली हिंसा, यांतलं काय काय पुन्हा सुरू करायचं? समाज हा जिवंत देह आहे, त्यात मेलेलं पुन्हा जिवंत करता येत नाही, फक्त जिवंत असलेलं सुधारता येतं, असा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. परत जायचं म्हणणारे प्रत्यक्षात परत जातच नाहीत, ते भूतकाळातून निवड करतात आणि ती निवड आजच्या गरजेने ठरते, हे या निफाडकराने सव्वाशे वर्षांपूर्वी ओळखलं होतं. मराठीत या विषयावर लिहिताना दुसऱ्या कुणापासून सुरुवात करणं मला जमलं नसतं.

पण रानड्यांचे विचार आपल्याला जितकं शिकवतात, तितकंच त्यांच्यावर गुदरलेला एक प्रसंग शिकवतो. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक कार्यक्रम झाला. तो घडवून आणण्यात गोपाळराव जोशी होते, डॉक्टर आनंदीबाईंचे पती. शहरातली चाळीसहून अधिक नामवंत मंडळी जमली, त्यांत रानडे होते, टिळकही होते. कार्यक्रमानंतर चहा-बिस्किटं पुढे आली. काहींनी चहा घेतला, काहींनी कप तसाच ठेवला, काहींनी यजमानांचा मान राखायला ओठाला लावला. तेवढ्यावर ते संपलं असतं. पण गोपाळरावांनी हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आणली.

पुढे जे घडलं ते ‘चहा-ग्रामण्य’ म्हणून प्रसिद्ध आहे. सनातनी मंडळींनी शंकराचार्यांकडे फिर्याद नेली, चौकशी बसली, साक्षी झाल्या, प्रायश्चित्तं ठरली. ज्यांनी प्रायश्चित्त नाकारलं त्यांच्या घरच्या लग्नामुंजींना भटजी मिळेनासे झाले. रानड्यांनी मित्रांवरचं संकट टळावं म्हणून १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं, आणि त्यांच्या अनुयायांना त्याचं फार दुःख झालं. रानड्यांच्या पत्नी रमाबाईंनी आपल्या आठवणींत हा सगळा प्रसंग लिहून ठेवला आहे.

या प्रकरणात रानडे चुकले की बरोबर होते, यावर मराठीत पुष्कळ शाई खर्च झाली आहे. मला त्यापेक्षा छापील यादी महत्त्वाची वाटते. निषिद्ध ठिकाणी चहा पिणारे ब्राह्मण १८९० च्या आधीही पुण्यात होते. शिक्षण, नोकरी, प्रवास यांमुळे विटाळाचे नियम रोज मोडत होते आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना ते माहीत होतं. माहीत असून ते विचारत नव्हते. या न विचारण्यातूनच समाज पुढे सरकत होता. यादी छापली गेली आणि न विचारण्याची सोय संपली. आता प्रत्येकाला बोलावं लागलं: तू चहा प्यालास की नाही? हो की नाही? तू कोणत्या बाजूचा? ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्यासाठी चालणारी ज्ञातीची चौकशी, ही संस्था जुनीच होती, पण पूर्वी ते एका गावापुरतं, एका ज्ञातीपुरतं चालायचं आणि थकून मिटायचं. वर्तमानपत्राने ते सगळ्या महाराष्ट्रासमोर आणलं. तिथे माघार घेणं म्हणजे हरणं, आणि गप्प राहणं म्हणजे कबुली. आज एखाद्या लग्नातला किंवा सहलीतला फोटो कुणीतरी गटावर टाकतो आणि दुसऱ्या दिवशी त्या घराला खुलासे करावे लागतात, तेव्हा पंचहौदचीच पुनरावृत्ती होत असते. यादी छापायला तेव्हा छापखाना लागायचा, एवढाच फरक.

त्या छापखान्याबद्दल एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १८३१ मध्ये मुंबईत गणपत कृष्णाजींनी छापखाना काढला तेव्हा शाईत जनावराची चरबी असते म्हणून छापील धर्मग्रंथ घरात घ्यायला लोक तयार नव्हते. गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई बनवली, आणि पुढच्या काही दशकांत पोथ्या आणि पंचांगं घराघरांत गेली. तंत्रज्ञान आणि धर्म यांचं मुळात वैर आहे असं मानणाऱ्यांनी ही तुपाची शाई ध्यानात ठेवावी. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. ख्रिस्ताच्या चरित्रावरचा मूकपट पाहून त्यांना आपले देव पडद्यावर आणण्याचा ध्यास लागला, आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ आला. भारतीय सिनेमाच भक्तीच्या पोटी जन्मला आहे. यात वाईट काहीच नाही. साधन भक्तीचंही असतं, द्वेषाचंही असतं. प्रश्न त्या साधनामुळे धर्माचा आकार कसा बदलतो, हा आहे.

१८९३ चं वर्ष पाहा. जुलैत काठेवाडातल्या प्रभासपट्टणला दंगल झाली. मुंबईतल्या बहुतेकांनी ते गाव पाहिलं नव्हतं. तारेने आणि वर्तमानपत्रांनी बातमी आली, सभा झाल्या, निधी गोळा झाले, आणि ११ ऑगस्टला मुंबई पेटली. पुढच्या काही महिन्यांत येवल्यापर्यंत दंगल आली. येवला हा निफाडच्या लागूनचा तालुका. पैठणी विणणारं, विकणारं गाव, जिथे विणकर, सावकार आणि गिऱ्हाईक यांचे धर्म वेगळे असले तरी धंदा एकाच धाग्यावर चालत होता. शेकडो मैलांवरच्या अनोळखी माणसांचा राग शेजाऱ्यावर काढण्याची रीत या भागाने तेव्हा प्रथम पाहिली. त्याआधी महाराष्ट्रातल्या कित्येक गावांत हिंदू लोक मोहरमच्या ताबुतांत नाचत, नवस बोलत, पुढे वाजंत्री लावत. सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाल्यावर मेळ्यांतल्या पदांतून त्यांना सांगितलं गेलं की हे आता बंद करा. पदं छापून वाटली जात होती. एका पिढीत ताबुतांतली ती गर्दी ओसरली. लोकमान्यांच्या उत्सवाने स्वातंत्र्याच्या चळवळीला जे दिलं ते मी कमी लेखत नाही. पण हिशेबाच्या दोन्ही बाजू लिहायला हव्यात.

हे फक्त आपल्याकडे घडलं असतं तर त्याची कारणं आपल्याच स्वभावात शोधता आली असती. तसं नाही. अमेरिकेत १९१० ते १९१५ या काळात बायबलचा शब्दन्‌शब्द खरा मानणाऱ्या लेखांचे बारा खंड निघाले. त्यांचा खर्च लायमन स्टुअर्ट या तेलाच्या उद्योगपतीने आणि त्याच्या भावाने केला. सुमारे तीस लाख प्रती धर्मोपदेशकांना आणि शिक्षकांना फुकट पोस्टाने गेल्या. मोटारयुगाचा पैसा, रोटरी छपाई आणि टपाल यांच्याशिवाय ती चळवळ उभीच राहिली नसती. १९२५ मध्ये टेनेसीतल्या डेटन गावी उत्क्रांतिवाद शिकवल्याबद्दल शिक्षकावर खटला चालला, तो शिकागोच्या रेडिओने थेट ऐकवला. आपल्याकडे १८६६ मध्ये स्थापन झालेल्या देवबंदच्या दारुल उलूमने जुन्या उस्ताद-शागीर्द पद्धतीऐवजी ठरलेला अभ्यासक्रम, वर्ग, वार्षिक परीक्षा आणि देणगीदारांच्या छापील याद्या स्वीकारल्या. रेल्वेमुळे तिथे दूरदूरचे विद्यार्थी आले. १९७८ मध्ये पॅरिसजवळच्या एका खेड्यात बसून अयातुल्ला खोमेनी बोलत होते आणि त्यांची भाषणं कॅसेटवरून इराणच्या बाजारांत पोचत होती. पुढच्याच वर्षी तिथलं राज्य उलटलं.

या सगळ्यांनी आपण मुळाकडे जात आहोत असंच सांगितलं. निफाडच्या बागायतदाराला यातली गोम चटकन कळेल. त्याच्या बागेत जमिनीत डॉगरिजचा खुंट असतो आणि वर थॉम्पसनची काडी भरलेली असते. बांधावरून पाहणाऱ्याला एकच वेल दिसतो, पण घड लागतो तो काडीचा. माणसांच्या मनातली श्रद्धा खरोखर जुनी आहे, खोल आहे. तिच्यावर जे भरलं गेलं ते मात्र गेल्या दीडशे वर्षांतलं आहे.

काय भरलं गेलं, ते नीट पाहिलं पाहिजे. कारण इथेच बहुतेक चर्चा घसरते आणि ‘लोक अडाणी आहेत’ यावर येऊन थांबते.

आपल्याकडचा धर्म पूर्वी जागेला बांधलेला होता. नांदूर मध्यमेश्वरला गोदावरीकाठी मृगव्याधेश्वराचं देऊळ आहे. रामाने मारीचाला बाण मारला तो इथे, असं लोक सांगतात. पंचवटीत सीतागुंफा आहे. या भागातल्या बाईला रामायण कळतं ते असं, ठिकाणांवरून, जात्यावरच्या ओव्यांवरून. त्या ओव्यांतली सीता रामाला बोल लावते आणि तरी राम देवच राहतो. एकनाथांचा राम आणखी वेगळा, पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ मध्ये वर्षभर घरोघरी पोचलेल्या ‘गीतरामायणा’तला राम त्याहून वेगळा. २५ जानेवारी १९८७ ला दूरदर्शनवर ‘रामायण’ मालिका सुरू झाली आणि दर रविवारी सकाळी सगळा देश एकच रामायण, त्याच चेहऱ्यांसह, पाहू लागला. ती मालिका भक्तिभावाने केली होती आणि लोकांनी भक्तिभावानेच पाहिली. पण एकच रूप सगळ्यांसमोर आल्यावर बाकीची रूपं चुकीची वाटू लागतात. ‘आमच्याकडे असं सांगतात’ हे वाक्य मागे पडतं आणि ‘खरं असं आहे’ हे वाक्य पुढे येतं. दर्ग्याच्या बाबतीत, ग्रामदेवीच्या बाबतीत, बुद्धविहारात बसणाऱ्या आजीच्या जुन्या नवसाच्या बाबतीतही हेच झालं. जागेवरून उपटलेला धर्म सगळीकडे सारखा असावा लागतो, आणि सगळीकडे सारखा राहायचा तर त्याला नियमावली लागते. नियमावली आली की ती न पाळणारे आले, आणि मग त्यांना शोधणारे आले.

अखंड हरिनाम सप्ताह हे आमच्या भागाचं वैभव. सात दिवस वीणा खाली ठेवायचा नाही, तो एका हातातून दुसऱ्या हातात जातो. गावोगावहून भाकरी येते. कीर्तनकार गावात मुक्कामाला असतो, लोकांच्या घरी जेवतो, दुसऱ्या दिवशी पारावर त्याला कुणीही गाठून विचारू शकतो की महाराज, काल तुम्ही हे असं कसं बोललात? बोलणाऱ्याला ऐकणाऱ्याचं उत्तरदायित्व असतं, ते या मुक्कामामुळे. ऑगस्ट २०२४ मध्ये सिन्नर तालुक्यातल्या एका मोठ्या सप्ताहातल्या प्रवचनाचा एक तुकडा मोबाइलवरून सुटला. त्यात प्रेषित महंमदांविषयीची वक्तव्यं होती. राज्यात अनेक ठिकाणी निदर्शनं झाली, गुन्हे नोंदले गेले. त्याच दिवसांत बांगलादेशातल्या हिंदूंवरच्या हल्ल्यांच्या निषेधार्थ पुकारलेल्या बंदच्या वेळी नाशिक शहरात दगडफेक झाली. सात दिवसांचा सप्ताह, त्यातली भजनं, अन्नदान, हजारो माणसांचे कष्ट, यांतलं काही त्या तुकड्याबरोबर गेलं नाही. गेली ती फक्त जखम करणारी वाक्यं. ज्यांनी तो तुकडा पाहिला त्यांना महाराजांना पारावर गाठून काही विचारता येणार नव्हतं, आणि ज्यांनी तो कौतुकाने पुढे पाठवला त्यांनाही त्याची झळ लागणार नव्हती. फोनवर काय वर यावं हे ठरवणारी यंत्रणा माणूस किती वेळ थांबला हे मोजते, आणि रागावलेला माणूस जास्त वेळ थांबतो.

आता शिकलेल्या लोकांचा प्रश्न. तंत्रशिक्षण घेतलेली मुलं यात पुढे का दिसतात? दिएगो गॅम्बेटा आणि श्टेफेन हेरटोग या दोन अभ्यासकांनी अतिरेकी इस्लामी संघटनांतल्या माणसांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना त्यात अभियंत्यांचं प्रमाण अपेक्षेपेक्षा खूप जास्त आढळलं. २० मार्च १९९५ ला टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरीन वायू सोडणाऱ्या ओम शिनरिक्यो पंथात विद्यापीठांतून बाहेर पडलेले शास्त्रज्ञ होते. यावरून तंत्रशिक्षणाला दोष देणं घाईचं होईल. पण एक गोष्ट खरी, की आपल्याकडे विज्ञान शिकवलं जातं ते एकच बरोबर उत्तर असलेल्या प्रश्नपत्रिकेच्या रूपात. शंका घेण्याला तिथे गुण नाहीत. अशा शिक्षणातून आलेल्या मुलाला धर्मही तसाच, एका उत्तराचा, हवासा वाटला तर नवल नाही.

तरी मला यापेक्षा आणखी जवळचं एक कारण दिसतं, आणि ते मी याच तालुक्यातल्या माणसांकडून शिकलो. बागायतदार औषधाच्या कंपनीवर डोळे झाकून विश्वास ठेवत नाही. नवं औषध आलं तर तो आधी दोन ओळींवर मारून पाहतो, शेजाऱ्याला विचारतो, पानं उलटून बघतो. डाउनी रोगाच्या दिवसांत चुकीची फवारणी झाली तर वर्षाचं पीक जातं, म्हणून तो शंका घेतो. तोच माणूस रात्री आलेला मजकूर एका बोटाने चाळीस जणांना पाठवतो. त्याची विवेकबुद्धी बांधावरून घरी येईपर्यंत हरवत नाही. तिथे चुकीची किंमत त्याला भरावी लागते, इथे ती दुसरा कुणीतरी भरतो.

ती कुणी भरली याची नोंद महाराष्ट्रात आहे. २ जून २०१४ ला पुण्यात हडपसरला मोहसीन शेख या संगणक क्षेत्रात काम करणाऱ्या तरुणाला जमावाने मारलं. फेसबुकवर दुसऱ्याच कुणीतरी टाकलेल्या बदनामीकारक चित्रांवरून राग उसळला होता, आणि मोहसीनचा त्या चित्रांशी काही संबंध नव्हता. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या मोबाइलवरच्या अफवेवरून पाच जणांना ठेचून मारलं गेलं. ते मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी होते. ही दुसरी घटना धार्मिक नाही म्हणून कुणी बाजूला ठेवेल. मी ठेवत नाही. गोसावी दारी आला की त्याला पसाभर धान्य घालायचं, हा आपल्या गावांचा कित्येक शतकांचा धर्म होता. त्याचं गाव कुणी विचारत नव्हतं. अनोळखी माणसाला भिक्षा घालणारा तो धर्म काही मिनिटांच्या चित्रफितींनी पुसला गेला. त्या महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाच ठिकाणीच मजकूर पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. एका कंपनीला संख्या कमी करून जेवढं करता येतं तेवढं तिने केलं.

आणि मग स्क्रीनवरचे हुकूम पाळायला निघणारी ही मुलं. या पुस्तकाचा मोठा भाग त्यांच्याविषयी आहे, म्हणून इथे थोडक्यात. पदविका किंवा पदवी हातात, नोकरी नाही. शेती आहे, पण कांद्याचा भाव लासलगावच्या लिलावात ठरत असला तरी तो पाडण्याचा निर्णय दिल्लीत होतो. डिसेंबर २०२३ मधल्या निर्यातबंदीने हे पुन्हा एकदा दाखवलं. तिशी आली तरी शेतकरी मुलाला मुलगी मिळत नाही, हे प्रत्येक गावातलं उघड दुःख आहे. तालुक्यातला सहकारी साखर कारखाना वर्षानुवर्षं बंद राहिला. वाचनालयं, तालमी, सोसायट्या, जिथे निरनिराळ्या जातींची आणि धर्मांची माणसं कामानिमित्त एकत्र बसत, त्या ओस पडल्या. अशा मुलाला कुणीतरी येऊन पद देतं, फ्लेक्सवर त्याचा फोटो लावतं, मध्यरात्री फोन केला तर पन्नास जण मोटरसायकली घेऊन येतील असा भरवसा देतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याला सांगतं की तू महत्त्वाचा आहेस. सोबत एक शत्रू देतं, पण तो मुलगा आलेला असतो या भरवशासाठी. त्याच्याशी फक्त वैज्ञानिक दृष्टिकोनावर बोलून काही साधत नाही, कारण त्याची तक्रार विज्ञानाविषयी नाहीच.

श्रद्धा आणि कट्टरता यांत मी फरक करतो आणि वाचकांनी तो या सगळ्या लेखांत लक्षात ठेवावा अशी विनंती आहे. खंडेनवमीला यंत्राला हळदकुंकू वाहणारा कामगार कट्टर नाही. पंढरीला पायी जाणारी बाई कट्टर नाही, पाच वेळा नमाज पढणारा बागवान कट्टर नाही. दुसऱ्याने कसं जगावं याचा हिशेब ठेवायला लागतो तो कट्टर. डॉ. नरेंद्र दाभोलकर हा फरक आयुष्यभर सांगत राहिले. त्यांचं काम धर्माविरुद्ध नव्हतं, धर्माच्या नावाने होणाऱ्या शोषणाविरुद्ध होतं. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला तो महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचं नाव असलेल्या पुलावर. शिंदे हे प्रार्थना समाजाचे प्रचारक, म्हणजे रानड्यांच्याच परंपरेतले. २०२४ च्या मे महिन्यात न्यायालयाने गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप दिली. १८९० मध्ये याच शहरात मतभेदाची शिक्षा प्रायश्चित्त आणि बहिष्कार ही होती. तीसुद्धा क्रूर होती, पण तिच्यात माणूस जिवंत राहून पुन्हा बोलू शकत होता.

उपाय काय, असं लोक विचारतात. मला एक गोष्ट माहीत आहे आणि ती ओझरची आहे. १९९० च्या सुमाराला बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने वाघाड धरणाच्या कालव्यावर पाणीवापर संस्था उभ्या केल्या: महात्मा फुले, जय योगेश्वर, बाणगंगा. कालव्याच्या शेपटाच्या शेतकऱ्याला पाणी पोचत नव्हतं. त्यांनी पाणी मोजून घ्यायला आणि मोजून वाटायला सुरुवात केली. कुणाला किती पाणी मिळालं हे सगळ्यांच्या समोर ठरतं, चुकीचं मोजलं तर भांडण लगेच होतं आणि तिथेच मिटतं, कारण पुढच्या पाळीला पुन्हा याच माणसांबरोबर बसायचं असतं. २००५ मध्ये राज्याने सिंचन व्यवस्थापनात शेतकऱ्यांच्या सहभागाचा कायदा केला, त्याआधी ओझरने ते करून दाखवलं होतं. मापन, हिशेब, दारं बसवलेल्या चाऱ्या, हेही तंत्रज्ञानच. पण त्यात चुकीची किंमत चुकणाऱ्याला भरावी लागते, आणि समोरच्याचा चेहरा दिसतो.

पाणी मोजता येतं, बातमी तशी मोजता येत नाही, हे मला कळतं. तरीही एखाद्या गावात फोनवर आलेल्या गोष्टीची शहानिशा करायला दोन्ही समाजांतली चार माणसं नेमून दिली, आणि ती आठवड्याला एकदा चावडीवर बसली, तर काय होईल? अफवेला आणि गावाला एकमेकांसमोर उभं करण्याचे असे काही प्रयत्न झाले आहेत. काही टिकले, काही पहिल्याच निवडणुकीत मोडले. ते का मोडले, हे या पुस्तकाच्या शेवटच्या भागात आहे, आणि माझ्या मते तोच भाग सगळ्यात आधी वाचावा.

निफाड